‘कोरड्यास काय करू?’ : पाककृतीच्या पुस्तकांत रोजचा स्वयंपाक कितपत सापडतो?

पेट पास झाली, आता सिनॉप्सिस लिहायची आहे आणि विषय ‘खाद्यसंस्कृती’ घ्यायचा आहे, असं सांगणारे विद्यार्थी हल्ली बरेच भेटतात. मराठीचे असतात, समाजशास्त्राचे असतात, इतिहासाचे आणि गृहविज्ञानाचेही. विषय चांगला आहे. आपल्या घरचा आहे, साधनं हाताशी आहेत, फार पैसे लागत नाहीत. पण आराखडा बघितला की बहुतेक वेळा एकच साचा दिसतो. प्रकरण पहिलं, मराठवाड्याची भौगोलिक पार्श्वभूमी. दुसरं, खाद्यसंस्कृती : संकल्पना व स्वरूप. तिसरं, सणावारांचे पदार्थ. चौथं, पारंपरिक पाककृतींचं संकलन. पाचवं, निष्कर्ष. आणि निष्कर्षात काय, तर ‘मराठवाड्याची खाद्यसंस्कृती समृद्ध व वैविध्यपूर्ण आहे’. आता हेच वाक्य विदर्भाला लावून बघा, कोकणाला लावून बघा. चालतं. जे वाक्य कुठेही चालतं त्याला निष्कर्ष म्हणता येत नाही.

या लेखात मी दोन गाजलेली मराठी पुस्तकं घेणार आहे : कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आणि शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. दोन्ही तुमच्या संदर्भसूचीत येणारच आहेत. प्रश्न असा, की ही पुस्तकं साधन म्हणून वापरताना त्यांच्याकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही. माझा मुद्दा आधीच सांगते : घरातला रोजचा स्वयंपाक अभ्यासायचा असेल तर ‘पाककृती’ हे एकक घेऊन भागत नाही. का भागत नाही, ते सोनपेठच्या स्वयंपाकघरातून बघू. माझं घर तिथलं आहे, म्हणून उदाहरणं तिथली.

एक शब्द नीट ऐका

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या सोनपेठ भागात घरातली बाई सकाळी जो प्रश्न विचारते तो ‘आज कोणता पदार्थ करू?’ असा नसतो. ती विचारते, ‘कोरड्यास काय करू?’ मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, कोरड्यास म्हणजे भाकरीबरोबर खायला जे काही केलं असेल ते. वांग्याची भाजी कोरड्यास असते, वरण कोरड्यास असतं, पिठलं कोरड्यास असतं. आणि काहीच नसलं तर तेल घातलेली चटणीसुद्धा त्या दिवसाचं कोरड्यास होऊन जाते.

बघा, हा शब्द पदार्थाचं नाव नाहीच. तो ताटातल्या एका जागेचं नाव आहे. भाकरी पक्की, तिच्याबद्दल प्रश्न नाही. तिच्या शेजारची जागा रोज रिकामी होते आणि रोज भरावी लागते. कशाने भरायची हे घरात काय आहे, बाजार कधी आहे, रानातून कुणी काय आणलं, आज कामाला किती वाजता निघायचं आहे आणि सरपण ओलं आहे की वाळलेलं यावर ठरतं.

सिडनी मिंट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने शेतीवर जगणाऱ्या समाजांच्या जेवणाची एक सर्वसाधारण रचना मांडली आहे : मध्ये पिष्टमय धान्याचा गाभा, त्याच्या कडेने चव आणणारी थोडी थोडी जोड, आणि सोबत डाळ किंवा कडधान्य. २००१ मध्ये एका सहलेखिकेबरोबर त्याने हे गृहीतक लिहून काढलं. ते वाचताना आपल्याकडच्या माणसाला गंमत वाटते, कारण ही रचना ‘भाकरी–कोरड्यास’ या जोडीत आधीच आहे. तुमच्या प्रबंधात मिंट्झ येऊ द्या, हरकत नाही. पण तुमच्या घरातला शब्द त्याच्या संकल्पनेचं नुसतं उदाहरण म्हणून आणू नका. तो शब्द स्वतःच एक वर्गीकरण आहे, त्याला तेवढा मान द्या.

‘रुचिरा’ : वाटीने काय मोजलं

मराठीत छापील पाकशास्त्राची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चं. आणि १९७० मध्ये ‘रुचिरा’ आलं. लग्न झालेल्या मुलीच्या सामानात हे पुस्तक देण्याची पद्धत पडली, इतकं ते घराघरात गेलं.

‘रुचिरा’चं मोठं काम कोणतं? तर मापं. शेर, छटाक किंवा ग्रॅममध्ये न अडकता वाटी आणि चमचा या मापांत कृती सांगितल्या. हे साधं वाटतं, पण विचार करा. ज्या मुलीला सासूच्या किंवा आईच्या शेजारी उभं राहून शिकायला मिळालं नाही, नवऱ्याच्या नोकरीपायी जी दूरच्या शहरात एकटी संसार मांडते आहे, तिच्यासाठी ‘अंदाजाने मीठ’ हे वाक्य निरुपयोगी असतं. अंदाज हा शेजारी उभं राहूनच मिळतो. वाटी-चमचा हे त्या अंदाजाचं लिहिता येण्याजोगं रूप आहे. एका पिढीचं हातातलं ज्ञान कागदावर उतरवण्याचं हे काम कमी लेखू नका.

तरी संशोधक म्हणून तुम्हाला पुढचा प्रश्न विचारायचा आहे : वाटीने जे मोजलं त्यात काय गृहीत धरलं?

कोणत्याही पाककृतीचा सांगाडा आठवा. वर ‘साहित्य’, खाली ‘कृती’. म्हणजे आधी पदार्थ ठरला, मग साहित्य गोळा केलं, मग कृती. रोजचा स्वयंपाक नेमका उलट्या दिशेने चालतो. आधी घरात जे आहे ते दिसतं, त्यातून पदार्थ ठरतो. पिठलं घ्या. पुस्तकात पिठल्याची एक कृती असते. घरात मात्र पिठलं किमान तीन वेगळ्या कारणांनी होतं. भाजी संपली आणि बाजाराला अजून दोन दिवस आहेत म्हणून. अचानक दोन माणसं आली आणि केलेलं कोरड्यास पुरणार नाही म्हणून. किंवा सगळ्यांना आवडतं, पाऊस पडतोय म्हणून. पहिल्या पिठल्यात पाणी जास्त, दुसऱ्यात त्याहून जास्त, तिसऱ्यात कांदा आणि तेल सढळ हाताने. पाककृती एक, प्रसंग तीन. तुम्ही संकलनात ‘पिठलं : साहित्य व कृती’ असं लिहिलंत तर हे तिन्ही प्रसंग पुसले गेले.

भाकरीचं बघा. पुस्तकी भाषेत ‘ज्वारीचे पीठ २ वाट्या’ एवढं लिहिलं की झालं. पण ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून आधणाचं पाणी घालून पीठ मळतात, गरम पाण्याने त्यातला स्टार्च फुगतो आणि पिठाला धरून ठेवतो. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेने चिरत जाते. म्हणून महिन्याचं पीठ एकदम दळून ठेवायचं नाही. चार-आठ दिवसांपुरतं दळण गिरणीत न्यायचं, म्हणजे कुणीतरी डबा डोक्यावर घेऊन जायचं, लाईट गेलेली असली तर परत यायचं आणि पुन्हा जायचं. ‘पीठ २ वाट्या’ या तीन शब्दांच्या मागे ही सगळी ये-जा आहे. पाककृती चुलीपाशी सुरू होते, काम त्याच्या फार आधी सुरू झालेलं असतं.

इथे एक इशारा. ‘रुचिरा’त भाकरी आहे का, अमुक भाजी आहे का, दलितांचं अन्न आहे का, असं शोधून ‘नाही’ आढळलं की पुस्तकाला नापास करायचं, ही समीक्षा सोपी असते आणि फारशी उपयोगी नसते. ‘रुचिरा’ने मराठवाड्याच्या सगळ्या घरांचं चित्र काढण्याची जबाबदारी कधी घेतलीच नव्हती. चूक पुस्तकाची नसते, ते पुस्तक ‘महाराष्ट्रीय आहार’ म्हणून उद्धृत करणाऱ्या संशोधकाची असते. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ मध्ये भारतातल्या इंग्रजी पाकपुस्तकांवर लेख लिहिला. तो प्रत्येकाने वाचावा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शहरी मध्यमवर्गासाठी लिहिलेली ही पुस्तकं आधीपासून असलेल्या ‘भारतीय जेवणा’ची नोंद करत नव्हती, ती ‘भारतीय जेवण’ नावाची गोष्ट घडवत होती. तीच नजर मराठी पुस्तकांना लावून बघा. मग ‘रुचिरा’ हे लोक काय खात होते याचं साधन राहत नाही. साक्षर गृहिणीला काय काय करता आलं पाहिजे असं मानलं जात होतं, याचं ते फार उत्तम साधन ठरतं. हेही मोठं काम आहे. फक्त प्रश्न बदलला.

‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ : नावातच वाद

शाहू पाटोळे यांचं पुस्तक २०१५ मध्ये आलं. २०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला आणि मग ते महाराष्ट्राबाहेरही चर्चेत आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं अन्न हा त्याचा विषय. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ हे आपण भिंतीवर टांगलेलं वाक्य. त्यात एक ‘अ’ घालून पाटोळे विचारतात, कुणासाठी पूर्ण? सात्त्विक, राजस, तामस अशी अन्नाची उतरंड लावून माणसांचीच उतरंड कशी पक्की केली, हे ते दाखवतात. आठवणी आणि पाककृती त्यात एकमेकींत विणलेल्या आहेत.

आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं हे, की इथे साहित्याच्या यादीलाच इतिहास आहे. मांस वाळवून चान्या करून ठेवणं ही ‘रेसिपी’ म्हणून सांगता येते, पण ती समजायची तर मांस एकदम कधी मिळायचं, कुणाला मिळायचं आणि मग किती दिवस काहीच नसायचं, हे आधी समजावं लागतं. वाळवणं हे त्या अनियमित मिळकतीला दिलेलं उत्तर आहे. ‘रुचिरा’त गृहीत धरलेला जो भाग होता, म्हणजे साहित्य घरात येतं कसं, तोच इथे मध्यभागी आला. म्हणून पाककृतीच्या सांगाड्याला या पुस्तकाने खरा धक्का दिला असं मी म्हणते.

पण आपण कौतुक करून थांबायचं नाही. आठवणीचं लेखन साधन म्हणून वापरताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात, कोणाचंही लेखन असो. एक, आठवण काय धरून ठेवते? तिला जिभेवर राहिलेली चव धरता येते, झालेला अपमान धरता येतो, सणाचा दिवस धरता येतो. त्या दोन सणांच्या मधले शंभर सारखे दिवस तिच्या हातातून निसटतात. आणि आपला विषय तर तेच शंभर दिवस आहेत. दोन, आठवणारा माणूस चुलीच्या कोणत्या बाजूला बसला होता? ताटावर बसलेल्याची आठवण आणि चुलीपुढे बसलेलीची आठवण एकच पदार्थ सांगत असली तरी एकच काम सांगत नाही. पाटोळ्यांचं पुस्तक जातीबद्दल जे उघड करतं ते अमूल्य आहे. त्याच घरांतल्या बायकांच्या कामाबद्दल ते किती सांगू शकतं, हा प्रश्न तुम्ही मोकळा ठेवा. तिथे एक अख्खा प्रबंध आहे.

मग आकडेवारी घ्यावी का?

पुस्तकं अपुरी वाटली की विद्यार्थी सर्वेक्षणांकडे वळतात. वळावंच. पण तिथेही वाचायची पद्धत तीच.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं काळ-वापर सर्वेक्षण २०१९ मध्ये पहिल्यांदा देशभर झालं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि असं काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं, असं त्यातून आलं. २०२४ च्या फेरीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. यातला ‘करणाऱ्या’ हा शब्द सोडू नका. २०१९ मध्ये असं काम करणारे पुरुष होते २६ टक्क्यांच्या आसपास आणि बायका ८१ टक्के. म्हणजे ते ९७ मिनिटं चारांतल्या एकाचे आहेत, बाकी तिघांची मिनिटं शून्य.

आता या सर्वेक्षणाची पद्धत बघा. पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ असा दिवस, अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे. एका तुकड्यात अनेक कामं झाली तर दहा मिनिटं किंवा जास्त चाललेली जास्तीत जास्त तीन कामं नोंदवायची. पद्धत म्हणून हे शहाणपणाचंच आहे, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण भाकरी तव्यावर, लेकरू मांडीवर, वरणाला उकळी, दारात भाजीवाला, आणि मनात ‘संध्याकाळी कोरड्यास काय’ हे चालूच. शेवटचं काम दहा मिनिटांचं नाही. ते दिवसभर अर्धा अर्धा मिनिट चालतं. म्हणून ते कोणत्याच तुकड्यात बसत नाही. सगळ्यात जास्त डोकं ज्या कामाला लागतं तेच मोजपट्टीतून निसटतं.

दुसरं उदाहरण कुटुंबाच्या व्याख्येचं. या कार्यालयाच्या सर्वेक्षणांत कुटुंब म्हणजे साधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की ‘चूल वेगळी झाली’ म्हणतात, तीच ही कल्पना. व्याख्या चुलीवरून केली, आणि मोजणी मात्र चुलीपाशी थांबते. घरात किती किलो ज्वारी लागली ते उपभोग खर्च सर्वेक्षणात कळतं. ती कुणाच्या ताटात किती गेली ते कळत नाही.

आमच्या भागात ही व्याख्या दर वर्षी हलते. बीड आणि परभणी जिल्ह्यांतून हजारो जोड्या दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. म्हातारी माणसं आणि बऱ्याचदा शाळेतली पोरं गावात राहतात. एका घराच्या दोन चुली होतात. गावातली चूल आजी सांभाळते, तिच्या दात नसलेल्या तोंडाला आणि नातवाच्या डब्याला एकच कोरड्यास चालवते. फडावरची चूल पहाटे अंधारात पेटते, कारण दिवस उजाडायच्या आत कोयता हातात हवा. तिथे दोन्ही वेळच्या भाकरी एकदम होतात, आणि कोरड्यास असं हवं की दुपारपर्यंत टिकेल. ‘सोनपेठ तालुक्यातला रोजचा आहार’ असं शीर्षक तुम्ही देणार असाल तर यातल्या कोणत्या चुलीचा आणि कोणत्या महिन्याचा, ते पहिल्याच पानावर लिहावं लागेल.

पाककृतीतून गळलेली शेवटची पायरी

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाककृती कुठे संपते? ‘गरमागरम वाढा’ इथे. वर लिहिलेलं असतं, ‘४ जणांसाठी’. जणू वाढणं ही कामाच्या बाहेरची, आपोआप होणारी गोष्ट आहे.

घरात वाढप हा स्वयंपाकाचाच भाग असतो, आणि सगळ्यात अवघड भाग असतो. कोणाला आधी, कोणाला किती, कोणासाठी काय झाकून ठेवायचं, पाहुण्याला आग्रह करताना कढईत किती शिल्लक आहे याचा हिशोब चेहऱ्यावर कसा दिसू द्यायचा नाही. आणि वाढणारी शेवटी जेवते. ‘४ जणांसाठी’च्या घरात पाचवी तीच असते. कोरड्यास संपलेलं असतं तेव्हा तिची भाकरी चटणीबरोबर जाते, आणि विचारलं तर ती म्हणते, ‘मला आवडतीच चटणी.’ हे उत्तर खरंही असू शकतं. संशोधकाने ते खोडायचं नाही, पण तिथेच थांबायचंही नाही.

याचा संबंध भावनेपुरता नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत तो आकडा ४८ होता. रक्तक्षयाची कारणं अनेक असतात, सगळं खापर वाढपावर फोडता येणार नाही. पण उपाय कुठे शोधले जातात बघा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त जास्त असलेला ज्वारीचा वाण आणला, २०१८ मध्ये तो प्रसारित झाला. काम चांगलं आहे, अभिमान वाटावा असं आहे. भाकरी प्रत्येकाच्याच ताटात असते, त्यामुळे गाभ्यातच लोह घालण्याची कल्पना शहाणपणाची आहे. तरी दाण्यात लोह किती हे प्रयोगशाळा सांगते, आणि त्या भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, लिंबू यातलं शेवटच्या ताटापर्यंत काय पोचलं हे कुणीतरी स्वयंपाकघरात बसून बघावं लागतं. ते बघणारं पुस्तक आपल्याकडे अजून लिहायचं आहे. पाककृती गोळा करून ते होणार नाही.

मग आराखडा कसा बदलायचा

एकक बदला. ‘पदार्थ’ सोडा, ‘दिवस’ घ्या. एक घर, एक पूर्ण दिवस, पहिल्या चहापासून भांडी पालथी घालेपर्यंत. आहारशास्त्रात २४ तासांची आठवण विचारण्याची पद्धत आहेच, तिला स्वयंपाकाच्या बाजूने वळवा. आणि तोच दिवस वर्षातून किमान तीनदा घ्या : रानात भाजी असते तेव्हा, उन्हाळ्यात, आणि पेरणीच्या आधी हात आखडलेला असतो तेव्हा. दहा घरांचे असे तीस दिवस हा शंभर पाककृतींपेक्षा जड डेटा आहे.

प्रश्न बदला. ‘तुमच्याकडची खासियत काय?’ असं विचारलंत की पुरणपोळी मिळणार, येसर आमटी मिळणार, धपाटे मिळणार. त्याऐवजी विचारा : काल संध्याकाळी कोरड्यास काय होतं? तेच का केलं? दुसरं काय करायचं मनात होतं आणि का झालं नाही? दळण कधी आणलं, कोणी आणलं? शेवटी कोण जेवलं, तेव्हा काय उरलं होतं? यातल्या ‘का झालं नाही’ या प्रश्नाला सगळ्यात जास्त उत्तरं मिळतात. न झालेला पदार्थ कोणत्याच पाकपुस्तकात नसतो.

‘त्यात काय’ हे उत्तर लिहून घ्या. ‘रोजचंच की, भाकरी-भाजी, त्यात काय सांगायचं?’ असं प्रत्येक घरात ऐकाल. आपलं काम सांगण्यासारखं नाही असं करणारीलाच वाटतं, हे एक निरीक्षण आहे. ते कोणासमोर म्हणाली, नवऱ्यासमोर की एकटी असताना, तेही लिहा.

आणि काळजी घ्या. जेवणाबद्दल विचारणं हे अब्रूबद्दल विचारणं असतं. घरातले डबे उघडून बघायचे नाहीत. स्वयंपाकाच्या वेळी जाऊन नुसतं वही घेऊन बसायचं नाही, शेंगा सोलायला, लसूण निवडायला हात लावायचा. मांसाहाराबद्दल तर जास्तच जपून. २०१५ मध्ये राज्यात गोवंशहत्याबंदी कडक झाली. पाटोळ्यांचं पुस्तकही त्याच वर्षीचं. जे पूर्वी नुसतं लपवायची सवय लावलेलं अन्न होतं, त्याबद्दल आज दिलेलं उत्तर एखाद्याला अडचणीत आणू शकतं. नाव, गाव, वस्ती ओळखता येईल असं काही वहीतसुद्धा ठेवू नका. तुमच्या प्रबंधासाठी कुणाच्या दारात पोलीस यायला नकोत. तुम्ही वरच्या मानलेल्या जातीतून आला असाल तर समोरची बाई तुम्हाला काय सांगेल आणि काय गिळून टाकेल, याचाही विचार पद्धतीच्या प्रकरणात आला पाहिजे. आणि तिने चहा दिला तर तो प्या. न पिण्याचा अर्थ तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतो.

पुस्तकं मग टाकून द्यायची का? मुळीच नाही. ‘रुचिरा’ सांगेल की छापील जगाला गृहिणीकडून काय अपेक्षित होतं. ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ सांगेल की साहित्याची यादी जात कशी ठरवते. सर्वेक्षणं सांगतील की तुमची दहा घरं राज्याच्या चित्रात साधारण कुठे बसतात. तुमचा दिवसांचा डेटा या तिघांना उलटे प्रश्न विचारेल. संदर्भसाहित्याचा आढावा म्हणजे पुस्तकांच्या सारांशांची रांग नसते. कोणतं साधन कुठे गप्प बसतं याचा तो नकाशा असतो. गाइडने ‘रिसर्च गॅप कुठे आहे?’ विचारलं की त्याच नकाशावर बोट ठेवायचं.

सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक आठवडा घ्या. स्वतःच्याच घरी, रोज रात्री पाच ओळी : कोरड्यास काय होतं, कोणी ठरवलं, कशामुळे ठरलं, किती जणांचं केलं, किती जण जेवले. मुलगे वाचत असतील तर एक सहावी ओळ : मी काय केलं. सात दिवस झाले की ती वही ‘रुचिरा’शेजारी उघडी ठेवा आणि बघा, वहीतल्या किती गोष्टींना पुस्तकात जागाच नाही. त्यातली सगळ्यात जास्त छळणारी एक गोष्ट निवडा आणि तिच्यावर प्रश्नचिन्ह लावून एक वाक्य लिहा. ते तुमचं संशोधन-प्रश्नाचं वाक्य. शीर्षक नंतर सुचेल.